पर्समध्ये मावणारं मशीन

दोष माझाच आहे, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी ‘अगं, तुझं वय, तुझा खांदा’ करत मला समजून घ्यायला येणार नाही. समजून घेणाऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय.

मी टायपिस्ट. नाव मीरा, वय बावन्न, राहणार मुलुंड पूर्व. अठ्ठावीस वर्षं मराठी टायपिंग करतेय. आधी कोर्टाबाहेर फूटपाथवर, स्टुलावर लोखंडी टाईपरायटर ठेवून. मग कॉम्प्युटर आला, मग लॅपटॉप, आणि गेली नऊ वर्षं मी घरोघर हिंडते. साक्षीदार म्हातारा असला, अंथरुणाला खिळलेला असला, की तो कोर्टात येऊ शकत नाही. मग कोर्ट एका वकिलाला त्याच्या घरी साक्ष घ्यायला पाठवतं. त्याला कोर्ट कमिशनर म्हणतात. कमिशनरबरोबर मी जाते. साक्षीदार बोलतो, मी टाईप करते, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणते, साक्षीदार सही करतो, काम झालं. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत किती जणांच्या पलंगाशेजारी मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेय त्याची गणती नाही.

गेल्या वर्षी उजवा खांदा धरला. केस विंचरायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. ओझं म्हणजे माझा लॅपटॉप. जुना, जाडजूड, चार्जरसकट उचलला की पाच किलो बटाटे घेऊन निघाल्यासारखं वाटायचं. त्यात वकील मंडळी ‘मीराताई, एवढी एक फाईल ठेवा ना’ म्हणत आपली दप्तरंही माझ्याच बॅगेत सरकवणार. नाही म्हणायला जीभ आहे मला, चांगली लांब आहे, पण कामं त्यांच्याकडूनच येतात.

तर मुलगी, सपना, मला अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिने आधीच सगळं बघून ठेवलं होतं. पातळ, हलका लॅपटॉप, पण मोठ्या कीबोर्डचा. मी तो हातात घेतला, ठीक वाटला. आणि शेजारच्या काचेत मला ते दिसलं.

सात इंची स्क्रीन. खाली बोराच्या बियांएवढी बारीक बटणं. दोन्ही हातांत धरायचं आणि अंगठ्यांनी टाईप करायचं. दुकानातला पोरगेला सेल्समन म्हणाला, “मॅडम, हा मोबाईल नाहीये हां, पूर्ण कॉम्प्युटर आहे. तुमचं सगळं सॉफ्टवेअर चालेल. बिझनेस ट्रॅव्हलवाले लोक आता हेच घेतात. एकदम झकास.”

मी ते पर्समध्ये टाकून बघितलं. गेलं. चेन पण लागली. खांद्यावर पर्स लावून दुकानातून दोन चकरा मारल्या आणि मला जे वाटलं ते खरं सांगते: मी मला मोठं माणूस वाटायला लागले. आयुष्यभर मी यंत्र वाहिलं. वकील पुढे मोकळ्या हातांनी चालणार आणि मी मागून हमालासारखी. आता मीही पर्स हलवत जाईन, आणि फाईल द्यायला आले तर म्हणेन, जागा नाही हो.

“आई, यावर तू टाईप कसं करशील?” सपनाने विचारलं.

“अठ्ठावीस वर्षं काय भाजी निवडली का मी?”

“तसं नाही गं. तू दहा बोटांनी करतेस. इथे दोन अंगठे आहेत.”

“सवय होते. लॅपटॉप घेतला तेव्हाही सगळे असंच बोलले होते.”

सपनाने तो पातळ लॅपटॉप परत जागेवर ठेवला. ती माझीच मुलगी आहे, कुठे थांबायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी ते पर्समध्ये मावणारं मशीनच घेतलं.

घरी त्यात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घातलं, जुन्या टाईपरायटरच्या पद्धतीचं. चार ओळी टाईप करून बघितल्या. वेळ लागला. मी म्हटलं, होईल. पुढच्या दोन तारखांना ते घेऊन गेले, तर दोन्ही वेळा समोरचे वकीलच आले नाहीत. ‘गैरहजर, पुढील तारीख’ एवढं दोन ओळींत काम. कमिशनर कौतुकाने म्हणाले, “अरे वा, मीराताई, ऑफिस पर्समध्ये!” मी फुशारून गेले. आणि तिसरी तारीख कांदिवलीची आली.

कांदिवलीच्या जुन्या गावठाणात एथेलबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, मूलबाळ नाही. नवरा बस्त्याव नऊ वर्षांपूर्वी गेला. जाताना मृत्युपत्र करून घर बायकोच्या नावावर ठेवून गेला. आता त्याच्या भावाचा मुलगा, फ्लॉयड, म्हणत होता की ते मृत्युपत्र खोटं आहे, सही काकांची नाही, घर आम्हा वारसांचं. गावठाणातली घरं म्हणजे काय भाव आहे आज, सांगायला नको. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातला एक, गावठाणातला डॉक्टर, करोनात वारला. उरला एकच: शेजारचे रोझारिओकाका, वय चौऱ्याऐंशी, हृदय पार थकलेलं, सहा महिने पलंगावर.

मृत्युपत्र खरं ठरवायचं तर बस्त्यावला सही करताना डोळ्यांनी बघितलेला माणूस लागतो. तसा माणूस जगात एकच होता आणि तो मोजून बोलत होता. आपलं म्हणणं त्यांनी शपथपत्रावर आधीच दिलं होतं. पण नुसतं म्हणणं देऊन भागत नाही. समोरच्या वकिलाला उलटे प्रश्न विचारायचा हक्क असतो, त्याला उलटतपास म्हणतात, आणि तो पुरा झाला नाही तर त्या शपथपत्राला कोर्टात फारशी किंमत उरत नाही. हे सगळं आमचे कमिशनर, सुयोग सर, रिक्षात मला समजावून सांगत होते. मला ते त्यांच्या जन्माआधीपासून माहीत आहे, पण मी हं हं करत राहिले.

“डॉक्टरांनी पाऊण तास दिलाय,” ते म्हणाले. “वकील म्हणतात वीसेक प्रश्न आहेत. आरामात होईल. तुम्ही आहात म्हटल्यावर.”

काकांचा पलंग खिडकीला लावला होता. मुलगी व्हेनेसा त्यांच्या पाठीशी उशा रचत होती. समोरचे, म्हणजे फ्लॉयडचे, वकील आधीच येऊन बसले होते, बारीक अंगाचे, हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ. त्यांना वाईट म्हणायला माझ्याकडे काही नाही. असतं तर बरं झालं असतं. एथेलबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी गेल्या गेल्या त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, “आज व्हल ना गो बाय सगला?”

“होईल की,” मी म्हटलं.

मी पर्समधून मशीन काढलं. काकांनी ते बघितलं आणि हसले. “एवढासा?”

“एवढासाच, काका. तुमची आख्खी साक्ष मावेल यात.”

शपथ झाली. नाव, वय, पत्ता. इथेच माझं गाडं अडलं.

आता हे नीट सांगावं लागेल. मी टायपिंग शिकले घाटकोपरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये, कुंडलिक सरांकडे. सर कीबोर्डवर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलाखाली हात घालून टाईप करायला लावायचे. अक्षर बघायचं नाही, बोटाला कळलं पाहिजे. ज्याने खाली बघितलं त्याच्या बोटांवर फूटपट्टी. त्यामुळे कुठलं अक्षर कुठे आहे ते मला आजही माहीत नाही. बोटांना माहीत आहे. डाव्या करंगळीला तिचं माहीत आहे, उजव्या अनामिकेला तिचं. मला कोणी विचारलं, ‘ध’ कुठे आहे, तर मला सांगता येणार नाही. आणि या मशीनच्या बटणांवर छापलेली होती इंग्रजी अक्षरं, आणि माझ्याकडे चालवायला होते दोन अंगठे, ज्यांनी अठ्ठावीस वर्षांत स्पेसबार सोडून दुसरं काही दाबलेलं नव्हतं.

‘रोझारिओ’ लिहायला मला मिनिटभर लागलं. मग मी एक युक्ती काढली. मशीन मांडीवर ठेवायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, शब्द मनात म्हणून बोटं हवेत हलवायची, कुठलं बोट कुठे गेलं ते बघायचं, आणि मग तिथलं बटण अंगठ्याने शोधायचं. एका अक्षराला हे सगळं. शेजारून कोणी बघितलं असतं तर म्हातारीला वात झालाय असं वाटलं असतं.

पहिला प्रश्न संपला तेव्हा सहा मिनिटं गेली होती.

“मीराताई?” सुयोग सरांनी हळूच विचारलं. “काही प्रॉब्लेम?”

इथे मी सांगायला हवं होतं. ‘सर, मला यावर येत नाही, तुम्ही पेनाने लिहा.’ बस, एवढंच वाक्य. हाताने लिहिलेली साक्षही चालते, कोणी अडवलं नसतं. पण कुंडलिक सरांच्या हाताखालच्या आम्ही पोरी, आम्हाला एक गोष्ट मार खाऊन शिकवलेली: टायपिस्ट कधीही ‘थांबा’ म्हणत नाही. बोलणारा बोलतो, आपण गाठायचं. अठ्ठावीस वर्षांत मी एकाही वकिलाला, एकाही साक्षीदाराला थांबा म्हटलेलं नाही. तोच तर माझा लौकिक.

“नवीन आहे सर,” मी म्हटलं. “हात बसतोय जरा.”

दुसरा प्रश्न. तिसरा. वकील प्रश्न विचारायचे, काका उत्तर द्यायचे, आणि मग सगळी खोली माझ्या अंगठ्यांकडे बघत बसायची. काकांना वाटायचं उत्तर कोणाला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा बोलायचे. धाप लागायची. व्हेनेसा पाठ चोळायची. चौथ्या प्रश्नाला ती उठली आणि आतून आपला लॅपटॉप घेऊन आली.

“मॅडम, हा घ्या ना. मोठा आहे.”

माझा हात पुढे झाला होता. समोरचे वकील अगदी मऊपणे म्हणाले, “साक्षीदाराच्या घरच्या मशीनवर साक्ष नको, मॅडम. उद्या तुम्हालाच कोर्टात उत्तर द्यावं लागेल.” ते चूक नव्हते. व्हेनेसाने लॅपटॉप आत नेऊन ठेवला.

“बोलून टाईप होतं ना हल्ली?” सुयोग सर म्हणाले. मी ते बटण दाबलं. काका बोलले. स्क्रीनवर जे उमटलं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, कशाचंच काही नव्हतं. काकांची गावठाणाची बोली, त्यात अर्धा श्वास, अर्धे शब्द. मी ते सगळं पुसलं. पुसायलाही दोन मिनिटं गेली. फोनवर आवाज धरून ठेवायची परवानगी कोर्टाच्या आदेशात नव्हती, त्यामुळे तोही रस्ता बंद.

आणि मग सहावा प्रश्न आला. वकील पुढे झुकले.

“मृत्युपत्रावर सही झाली त्या वेळी तुम्ही नेमके कुठे होतात आणि काय बघितलंत?”

काकांनी डोळे मिटले, उघडले. आणि बोलायला लागले, न थांबता, सकाळपासून पहिल्यांदाच धाप न लागता.

“बस्त्याव व्हता ओट्याव बसलेला. मी त्याचे बाजूला, हितं, एवढ्याव. डॉक्टर समोर. बस्त्यावनी पेन घेतला, तो चालंना. दोनदा झटकला, तरी नाय. मंग मी माजे खिशातला पेन दिला. निला व्हता. त्यानी सही केली. हात कापत व्हता त्याचा. मना वाटला धरू, पन मी धरला नाय. त्याची सही, त्यानीच केली पायजे. त्या सहीत बगा, शेवटाला रेघ वर गेली, तवा एथेलनी आतून हाक मारली, म्हनून तो हलला. मी बगितला. ह्या डोल्यांनी.”

माझा जन्म गेला साक्षी ऐकण्यात. खोटं बोलणारा माणूस सहीची रेघ वर गेली असं सांगत नाही. सुयोग सरांनी समोरच्या वकिलांकडे बघितलं, आणि त्या सभ्य माणसाने आपल्या कागदावर नजर वळवली. त्यांनाही कळलं होतं. दारात एथेलबाई डोळे पुसत होत्या. खटला तिथे संपला होता. फक्त तो कागदावर यायचा होता.

माझ्या मशीनवर तेव्हा ‘बस्त्याव ओट्या’ एवढं आलं होतं.

“काय म्हणालात काका? ओट्यावर बसलेला होता, पुढे?” सुयोग सरांनी विचारलं, मला वेळ मिळावा म्हणून.

काका पुन्हा बोलले. “बस्त्याव ओट्याव व्हता. पेन चालंना. मी माजा दिला. त्यानी सही केली. मी बगितला.”

ओटा झाला. मी पेनाशी अडकले. बोटं गुडघ्यावर नाचत होती आणि अंगठे बटणांवरून घसरत होते. एक अक्षर चुकलं, ते पुसताना शेजारची तीन गेली.

“पुन्हा एकदा, काका. सावकाश.”

“पेन दिला. सही केली.”

“पुढे?”

“केली ना सही.” काकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता. व्हेनेसा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता. ती विनवत होती.

“सर,” मी म्हटलं आणि मशीन मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. “सर, मला यावर टाईप येत नाही. तुम्ही हाताने लिहा. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते मला शब्द न शब्द पाठ आहे, मी सांगते, तुम्ही लिहा.”

सुयोग सरांनी खिशातून पेन काढलं. समोरच्या वकिलांनी हात वर केला. “लिहा की. हाताने लिहायला माझी काहीच हरकत नाही. पण साक्षीदाराचं लिहा. टायपिस्टबाईंना काय पाठ आहे ते नको. त्यांना पुन्हा विचारा, ते सांगतील तेवढं घ्या.”

सुयोग सरांनी पुन्हा विचारलं. सही झाली तेव्हा तुम्ही काय बघितलंत? काकांनी ओठ हलवले. मग नुसती मान हलवली. “हां,” म्हणाले. “सही. हां.”

सुयोग सरांनी लिहिलं: ‘सही झाली. हो.’

सातव्या प्रश्नाला काकांचे डोळे मिटलेले होते. व्हेनेसा म्हणाली, “बस करा आता, प्लीज,” आणि पाऊण तासाला अजून एक मिनिट बाकी असताना आम्ही उठलो. झाले ते सात प्रश्न. राहिले तेरा. पुढची तारीख बारा दिवसांनी पडली, कारण त्याआधी समोरच्या वकिलांना वेळ नव्हता.

एथेलबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं आता बोलतील. “पुडच्या टायमाला व्हल ना?” एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांना कशाची ते नीट कळलं नाही. मशीनं बिघडतात, त्यात काय, असं त्या मलाच समजावत होत्या.

बारा दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सपनाला सगळं सांगितलं. ती ‘मी म्हणाले होते’ म्हणाली नाही, त्यामुळे मी तिच्यावर उगाच दोनदा डाफरले. जुना लॅपटॉप काढून पुसला, चार्ज केला, सॉफ्टवेअर तपासलं. रोज सकाळी अर्धा तास टाईप करत बसायचे, परीक्षेच्या पोरीसारखी. हात चालत होता. पूर्वीसारखाच चालत होता. प्रत्येक वेळी टाईप व्हायचं तेच: बस्त्याव व्हता ओट्याव बसलेला, मी त्याचे बाजूला, हितं, एवढ्याव. पूर्ण उत्तर दोन मिनिटांच्या आत. मग मी ते पुसून टाकायचे.

पाचव्या दिवशी सुयोग सरांचा फोन आला. काकांना अर्धांगाचा झटका आला होता. नवव्या दिवशी हॉस्पिटलने घरी पाठवलं, घरीच ठेवा म्हणून. डोळे उघडे होते, बोलणं गेलं होतं.

“मग आता?” मी विचारलं.

“जायला तर लागेल. तारीख लागलीय. जे असेल ते नोंदवून कोर्टाला कळवायचं.”

सपनाने सुट्टी टाकली आणि लॅपटॉप तिने उचलला. मला हात लावू दिला नाही. मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत रिक्षात बॅग तिच्याच मांडीवर होती. गावठाणाच्या तोंडाशी उतरल्यावर ती म्हणाली, “मी इथेच थांबते, आई,” आणि बॅग माझ्या डाव्या खांद्याला लावून दिली.

तीच खोली, तोच पलंग. काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. व्हेनेसाने त्यांचे केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून तयार ठेवलं होतं. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. दहा बोटं आपापल्या जागी बसली.

“आता प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे?” सुयोग सर म्हणाले.

“मला विचारावेच लागतील, सर,” समोरचे वकील म्हणाले. “नाही विचारले तर माझा पक्षकार मला विचारेल. मी विचारतो, तुम्ही नोंद करा.” काकांकडे बघून त्यांनी आधी नमस्कार केला. मग आठवा प्रश्न वाचला.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. घशातून आवाज आला. शब्द नाही.

सुयोग सरांनी थोडं थांबून सांगितलं, “साक्षीदार उत्तर देत नाही.”

वकिलांचा प्रश्न वाचून संपायच्या आत तो माझ्याकडे टाईप होऊन तयार असायचा. ‘उत्तर : साक्षीदार उत्तर देत नाही.’ नववा. ‘साक्षीदार उत्तर देत नाही.’ दहावा. कॉपी करून चिकटवता आलं असतं, मी केलं नाही. प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य टाईप केलं. एक अक्षर चुकलं नाही. इतकं सुरेख टायपिंग मी आयुष्यात केलं नसेल, आणि मला माझी बोटं तोडून टाकावीशी वाटत होती.

अठराव्या प्रश्नात सहीचा विषय पुन्हा आला. “मृत्युपत्रावरची सही बस्त्याव यांनी तुमच्यासमोर केलेली नाही, असं माझं म्हणणं आहे,” वकिलांनी वाचलं. काकांचा उजवा हात मेलेला होता. डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला. अंगठा आणि दोन बोटं जवळ आली. चादरीवर ती जराशी सरकली.

“बगा!” एथेलबाई दारातून ओरडल्या. “बगा, तो सांगते! सही सांगते तो!”

सुयोग सर खुर्चीतून अर्धे उठले. “काका, सही केली असं म्हणताय का? म्हणत असाल तर पुन्हा हात हलवा.”

आम्ही सगळ्यांनी वाट बघितली. समोरच्या वकिलांनीही बघितली, ते मी शपथेवर सांगेन. हात चादरीवर पडून राहिला. काकांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. व्हेनेसाने ते टिपलं.

सुयोग सरांनी सांगितलं आणि मी टाईप केलं: ‘साक्षीदाराने डावा हात किंचित हलवला. त्याचा अर्थ लावता येत नाही. साक्षीदार उत्तर देत नाही.’

तेरा प्रश्नांना पंधरा मिनिटं लागली. मी शेवटची ओळ घेत होते, ‘साक्षीदाराच्या प्रकृतीमुळे उलटतपास पूर्ण होऊ शकला नाही’, तेव्हा एथेलबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर सरसर उमटणाऱ्या अक्षरांकडे त्या बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

“बाय,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तवा बोलला व्हता तो. पेनाचा सगला. तुमी ऐकला ना? आता लिवा ना ता. आता तर तुमचे हात चालतान.”

मला शब्द न शब्द पाठ होता. पेन निळं होतं. दोनदा झटकलं होतं. सहीची रेघ शेवटी वर गेली होती, कारण याच बाईने आतून हाक मारली होती. दोन मिनिटांचं काम होतं, बोटं कीबोर्डवरच होती. समोर सुयोग सर खाली बघत होते.

“नाही लिहिता येत,” मी म्हटलं.

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग सुयोग सरांनी वेळ सांगितली, अकरा वाजून चाळीस मिनिटं, आणि मी ती टाईप केली.